सहावं पातं

शेवंती गेली त्या सकाळी मी तिच्याजवळ नव्हतो. म्हापशाच्या इस्पितळात आठ दिवस तिच्या खाटेशी बसून माझी कंबर धरली होती, म्हणून लेकीनं मला केरीला घरी धाडलं. म्हणाली, आंघोळ करून या, आणि आईची घरची चादर घेऊन या, तिला इथली टोचते. मी चादर घडी घालत होतो आणि फोन वाजला. लेकीचा होता. मीच विचारलं, "गेली काय गो?" तिकडून नुसतं रडणं... मी फोन ठेवला, चादर उलगडली, परत घडी घातली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मग माणसं यायला लागली. बारा दिवस येत होती. जो तो म्हणे, मेस्त, बायको अन्नपूर्णा होती तुमची. मी मान हलवायचो, पण ते खोटं. शेवंतीचा हात स्वयंपाकाला कधी बसलाच नाही. तिचं माशाचं हुमण पातळ, भाकरी एका अंगानं कच्ची. जन्मभर मी खाल्लं, मला विचारा. तिचा हात बसला होता तो मोटारीवर. होडीच्या मागच्या फळीला अडकवतात ती मोटार, खाली पंखा असतो ती. केरी गावात सगळे मला मोटारीचा मेस्त्री म्हणतात. त्या मेस्त्रीपणातला निम्म्याहून जास्त भाग तिचा होता, आणि हे एकाही माणसानं तिच्यामागे बोलून दाखवलं नाही. कसं दाखवणार? मी तरी कधी बोललो होतो?

ती नार्व्याची. तिचा बाप खनिजाच्या बार्जीवर इंजिन सांभाळायचा. गोवा सुटल्यानंतरची ती वर्षं, मांडवीतून बार्जींची रांग लागलेली असायची. ही पोर बापाला जेवण घेऊन जायची आणि तिथंच बसायची, पाने पुसायची, वायर सोलायची. लग्न होऊन आली तेव्हा मी एका सायकलच्या दुकानातून उठून नुकताच मोटारींच्या धंद्यात पडलो होतो. होड्यांना मोटारी लागायला लागल्या होत्या आणि दुरुस्त करणारं कोण नव्हतं. मी नट फिरवत बसलेला बघून ती पहिल्या महिन्यातच म्हणाली, "तुमच्या हातात पाना दिला काय नट रडतो." मला राग आला. पण नट खरंच रडायचा. तिनं फिरवला की मुकाट्यानं सुटायचा.

आमच्या वाड्यावर बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही. पूर्वापारचं आहे, पाय लागला तर मासळी जाते म्हणतात. पण मोटारीचं बरं असतं, ती दोन स्क्रू सोडले की सुटते आणि खांद्यावरून घरी येते. घरी आली की ती घरातली वस्तू. शेवंतीनं तिला हात लावला तर कोण बघतो? खाऱ्या पाण्यातून आलेली मोटार ती गोड्या पाण्याच्या पिंपात उभी करून चालवायची, पोटातलं मीठ धुऊन काढायची. गिअरचं तेल बोटावर घेऊन बघायची. दुधासारखं पांढरं आलं तर आत पाणी शिरलंय. बत्त्यांचं काम तर होडीतच करायचं असतं, बॅटरीपासून वरच्या दिव्यापर्यंत वायर ओढायची, तिथं ती जाणार कशी? तर मी होडीचं माप दोरीला गाठी मारून आणायचो आणि ती घरापुढच्या, शेणानं सारवलेल्या खळ्यात रांगोळीनं अख्खी होडी काढायची. नाळ, वरंडी, बाक, सगळं. त्या रांगोळीवर वायर अंथरायची, जागच्या जागी जोड घालायची, जोडाच्या अलीकडे वायरला खाली झोळ ठेवायची, म्हणजे पाणी झोळावरून गळतं, जोडात शिरत नाही. मग मी ते भेंडोळं करून नेऊन ठोकायचो. येणारेजाणारे म्हणायचे, मेस्तीण रांगोळी बरी घालते. आम्ही दोघं हसायचो... ते दिवस चांगले होते. तेवढेच.

आता वाईट सांगतो. पावसाळा संपत आला होता, नारळी पुनव झाली होती, दुसऱ्या सकाळी सगळ्या होड्या बाहेर पडणार होत्या. आमच्या वाड्यावरच्या एका होडीचा मालक बाबलो, तो दुपारी मोटार घेऊन आला. गरम होते म्हणाला. शेवंतीनं खालचा भाग उघडला. तिथं रबराचं एक चक्र असतं, सहा पात्यांचं. ते समुद्राचं पाणी वर ओढतं आणि इंजिन थंड ठेवतं. तिनं चक्र काढलं, पाती मोजली. पाच. तिनं परत मोजली. म्हणाली, "सहावं पातं खंय गेलं? हे तुटून वर नळीत गेलंय. ते मिळाल्याशिवाय बंद करू नका." मिळवायचं म्हणजे अख्खं डोकं उघडायचं, एक दिवसाचं काम. बाबलो खळ्यात उभा, होडी वाळूतच पडून राहील म्हणून घायकुतीला आलेला. "मेस्त, फाल्यां सगळ्यो होड्यो भायर सरतल्यो. माझीच तेवढी रेवेत रवतली?" मी नवं चक्र बसवलं. पिंपात चालवून बघितली. मोटारीच्या बाजूनं, आतून फिरून आलेल्या पाण्याची धार आली. शेवंती म्हणाली, "धार बारीक आहे." मी म्हटलं, चक्र नवं आहे, बसेल. ती म्हणाली, "पाना खाली ठेवा. उद्या मीच उघडते." परक्या माणसासमोर ती मला असं बोलली ते मला झोंबलं. मी म्हटलं, "तू चुलीकडे बघ," आणि मोटार बंद करून बाबल्याच्या खांद्यावर दिली.

सकाळी तेरेखोलच्या तोंडावर, जिथं नदी आणि दर्या भेटतात आणि खाली वाळूचा बांध आहे, तिथंच मोटार तापून बसली. लाटांनी होडी आडवी घेतली. जाळी गेली, बाबल्याच्या धाकट्या भावाचा पाय होडीखाली येऊन मोडला. दुसऱ्या होडीनं ओढून आणलं त्यांना. किनाऱ्यावर सगळा वाडा जमला. बाबलो माझ्यावर धावून आला. "बायलेचो हात लागलो मोटारीक! काल माझ्या दोळ्यांनी पळयलंय मी, कोपरापर्यंत ग्रीस! खरां काय फटी, मेस्त?" सगळे माझ्याकडे बघत होते. शेवंती माडाखाली उभी होती, भिजलेल्या माणसांसाठी कोरडे पंचे घेऊन. मी म्हटलं, "होय, मोटार तिनंच उघडली होती."

एवढंच बोललो. खोटं नव्हतं ते. उघडली तिनंच होती. पण बंद मी केली होती, हे मी बोललो नाही...

घरी येऊन तिनं हात धुतले. मग म्हणाली, "आजपासून मोटार खळ्यात आणायची नाही. तिकडे किनाऱ्यावरच काय ते करा." भांडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. मी किनाऱ्यावर झावळ्यांची खोप घातली. माझं काम उतरलं ते लोकांना दिसत होतं. म्हणायचे, मेस्त आता म्हातारो झालो. बत्त्यांचे जोड एका पावसात हिरवे पडायला लागले. संध्याकाळी घरी येऊन मी तिला सांगायचो, अमुक मोटार अशी अशी करते. ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत म्हणायची, "तुमचं तुम्हाला ठाऊक." एकदा, बरीच वर्षं झाली होती, नदीतून कोणाची तरी मोटार ठेचकाळत गेली. तांदूळ पाखडता पाखडता तिचं सूप थांबलं. मी विचारलं, "काय झालंय गो तिला?" ती म्हणाली, "मला काय कळतं?" आणि सूप परत हलायला लागलं. एकोणीस वर्षं तिनं पान्याला हात लावला नाही. मी एकदाही म्हटलं नाही की लाव.

अकराव्या दिवशी बाबलो आला. तोही थकलाय. चहा घेतला, अन्नपूर्णा म्हणाला. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबल्या, त्या दिवसाची चूक माझी होती. ती नको म्हणत होती. पातं नळीत होतं." त्यानं बशी खाली ठेवली. म्हणाला, "ठावक आसा. पुढं मी ती मोटार मालवणात उघडून घेतली. रबराचो तुकडो गावलो." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोललास का नाही?" तो म्हणाला, "तू तिचो घोव. तूच गप रवलंस, मी कशाक बोलू?"

तो गेला. बशीत थोडा चहा राहिला होता, तो मी खळ्यात ओतला.

आता घरात मी एकटाच. परवा मागचं दार उघडताना पहिल्यांदा करकर वाजलं. दर्याकाठच्या घरात खारा वारा लोखंडाला ठेवत नाही, शेजारपाजारची सगळी दारं किंचाळतात. आमचं कधी वाजलं नव्हतं आणि मला त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं. मी खाली वाकून बिजागरी बघितली. आत जुनं ग्रीस होतं, पातळ, बोटानं नीट फिरवलेलं, मोटारीत घालायची तसंच. मग मी घरभर फिरलो. खिडक्यांच्या कड्या, विळीचा स्क्रू, कपाटाचं कुलूप, बत्तीचं बटण... सगळीकडे तिचा हात. मला न सांगता, मी किनाऱ्यावर असताना.

माझा ग्रीसचा डबा खोपीत आहे. अजून आणलेला नाही. काल शेजारची सुलभा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मेस्त, तुमचां दार केदां वाजता! मेस्त्री मनीस तुमी, थोडां ग्रीस घाला मां."

मी म्हटलं, "ते काम तिचं होतं. मोटारींचंसुद्धा तिचंच होतं."

"असां?" म्हणाली सुलभा, आणि बादली उचलून पलीकडच्या दोरीकडे गेली.