वांग्यांवरून माणूस ओळखणारी आत्या

माझी आत्या माणसाची पत्रिका वांग्यांवरून मांडायची. बीबी गावच्या आठवडी बाजारात आमच्या मळ्यातल्या भाजीचं दुकान तीच लावायची, आणि गिऱ्हाईक ढिगात हात कसा घालतं यावरून त्याचा अख्खा स्वभाव सांगायची. देठ धरून अलगद उचलणारा नीटनेटका. प्रत्येक वांगं दाबून पाहणारा बायकोवरही संशय घेणारा. वरवरची चार उचलून चालता होणारा आळशी, पण दिलदार. असल्या घरी सून सुखात राहते. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की पदराआडून ती हे ज्ञान मला द्यायची, आणि हसून हसून माझं लोळायचंच तेवढं बाकी राहायचं. गंमत म्हणजे तिचं बरंचसं खरं निघायचं. माझे वडील, आमचे दादा, वर्षाच्या बोलीवर सालदार गडी ठेवायचा झाला तरी आधी त्याला आत्याकडे वांगी आणायला धाडायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. दुसरबीडहून मला एक स्थळ सांगून आलं. दादांना घर पसंत होतं, पण आत्याने अडवलं.

"घर पाह्यलं, पोराले कोणं पाह्यलं? बाजाराच्या दिवशी त्याले दुकानावर धाडा. कायले ते सांगू नका."

मध्यस्थाने त्याला धाडलं आणि कशाला तेही सांगून टाकलं. हे आम्हाला फार मागाहून कळलं.

मी घरात गरीब म्हणून प्रसिद्ध होते. मला कुठल्याही घरी द्या, मी हूं की चूं करणार नाही, अशी आत्याची खात्री होती. माझीही होतीच.

बाजाराच्या दिवशी तो आला. उंच, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा आणि त्याची एक गुंडी भलत्याच काजात. ढिगासमोर उकिडवा बसला, एक वांगं उचललं आणि मान वर केली. समोर मी. त्याने वांगं फिरवलं, ठेवलं, पुन्हा तेच उचललं. देठाचा काटा बोटात गेला तर बोट तोंडात घालून बसला.

"भरताचे पायजेत का भरायचे?" आत्याने विचारलं.

"हाव," तो नुसतंच हो म्हणाला.

मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात तो उठला, "येतो" म्हणाला आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेला. थोड्या वेळाने पिशवीसाठी परत आला, ती घेतली, घडी घालून काखेत मारली आणि वांगी न घेताच पुन्हा गेला. त्यानंतर मेथी मागणाऱ्या एका बाईच्या ओच्यात मी भेंडी ओतली. मला तो आवडला होता, इतका की बाजारातून घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी येऊन हातपाय धुतल्याबरोबर आत्याने निकाल दिला.

"एकच वांगं घडीघडी पाह्यलं अन घेतलं तर नाहीच. शंकेखोर, इसराळू, अन मनाचा कच्चा. नाही म्हणून कळवून टाका."

आत्याचा शब्द म्हणजे आमच्याकडे शेवटचा. दादांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मध्यस्थाचं घर गल्लीच्या टोकालाच होतं, ते वहाणा पायात सरकवू लागले. ते उंबरा ओलांडून गेले की संपलं, एवढंच मला दिसत होतं. चुलीपुढून मी उठले.

"दादा, थांबा. तो वांगे पाहून राह्यलाच नव्हता."

दादा एका पायात वहाण घालून तसेच उभे राहिले.

"मंग काय पाहून राह्यला होता?" आत्या म्हणाली.

"मले."

"तुले कसं मालूम वं?"

"मी त्याच्याकडंच पाहून राह्यली होती."

आत्या माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मग मटकन पाटावर बसली.

"सारा बाजार ओळखला म्या," ती म्हणाली, "अन ही बाजूले बसेल पोरगी मले कळलीच नाही."

दादांनी दुसरी वहाण घातली आणि होकार घेऊन निघाले. मला हसू काही आवरत नव्हतं. ही मुलगी मलाही नवीनच होती.