प्लेटची टिकटिक थांबली तेव्हा

त्या दुपारी आम्ही केदारखेड्याला होतो, चुलतभावाच्या नातवाच्या जावळाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि माझी मीनल तेव्हा सहावीत होती.

तिचे वरचे दात पुढे आलेले. औरंगाबादच्या दातांच्या डॉक्टरांनी टेबलावर सगळे प्रकार मांडून दाखवले होते... दातांवर पक्क्या चिकटवायच्या तारा, डोक्यामागून पट्टा घेऊन बांधायचं एक यंत्र, आणि टाळूला बसणारी, काढता-घालता येणारी गुलाबी प्लेट. तो पट्टा बघूनच पोरगी रडायला लागली. मी म्हटलं, प्लेटनं जमत असेल तर प्लेट द्या. डॉक्टर हो म्हणाले, पण बजावलं... तारेचा आकडा सैल झाला तर लगेच घेऊन या.

माझं नवीन जालन्यात बियाण्याचं दुकान. सुरुवात सायकलला पिशव्या बांधून खेडोपाडी फिरण्यापासून झाली, आणि तेव्हापासून डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त धंदा केला. गिऱ्हाईक "बघू" कसं म्हणतं, त्यावरून ते परत येणार की नाही, बराबर कळतं. तर मीनल ती प्लेट जिभेनं सारखी खाली-वर करायची... टिक, टिक. झोपेतसुद्धा. मी वैतागायचो.

वरण-बट्टीची पंगत उठली, मीनल ओसरीत बाजेवर झोपली. मी शेजारी पाहुण्यांशी बोलत बसलो होतो आणि एकदम जाणवलं... टिकटिक येत नाहीये.

हलवून उठवलं, प्लेट कुठंय विचारलं. तिनं तोंडात जीभ फिरवली आणि चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, जेवताना काढली होती, पण हात धुऊन परत घातली. मग तोंडात का नाही?

सकाळी निघतानाच ती म्हणाली होती, एक आकडा हलतोय.

बाज उलटी केली, गोधडी झटकली. काही नाही. मी विचारलं, गळ्यात टोचतंय का? पुन्हा विचारलं... नीट सांग, टोचतंय का? शेवटी ती म्हणाली, "हो पप्पा, टोचतंय."

कुणी केळं आणलं, कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, कुणी कोरड्या भाकरीचा घास गिळवायला निघालं. मी कुणाला तिच्या तोंडाला हात लावू दिला नाही. डोक्यात एकच चाललं होतं... ती तार वर आली तर श्वास अडकणार, खाली गेली तर आतडं फाडणार. जीप काढा म्हणून ओरडलो. जालन्याचा रस्ता तेव्हा कसा होता, ते जुन्या लोकांना सांगायला नको.

या गोंधळात माझी म्हातारी आत्या दोनदा जवळ आली. बाबू, जरा बाजूला ये म्हणाली. मी म्हटलं, आत्या, नंतर. मग तिनं माझी बाही धरली, मी सोडवून घेतली.

मीनल मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिच्या तोंडाशी कान नेला. श्वासात शिट्टी वाजतेय का... घरघर आहे का... इंजिनाच्या आवाजात काही कळेना. आयुष्यात पहिल्यांदा माझे कान कामाचे नव्हते.

जीप हलली, तशी आत्या सरळ पुढं येऊन बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. ती माझ्या बाजूला आली, आधी आपल्या मागं कुणी पाहुणा नाही ना ते बघितलं, आणि हळूच म्हणाली, "कव्हाची बोलवून राह्यले तुला. लेकीची कवळी माझ्यापाशी हाय. पावण्यांत बोंब करू न्हाई... उद्या तिचं लगीन करायचंय आपल्याला."

पदर ओलाचिंब झाला होता. त्याखाली स्टीलचा पेला, पाण्यात गुलाबी प्लेट.

हौदाच्या काठावर सापडली होती तिला; हात धुताना मीनल तिथंच विसरली होती, परत घातली असं तिला नुसतं वाटलं होतं. तिची स्वतःची कवळी ती रोज अशीच पाण्यात ठेवायची. एवढ्याशा पोरीला कवळी लागली, हे चार गावच्या लोकांना कळलं तर स्थळ कोण आणणार... म्हणून मला एकट्याला गाठायला बघत होती. पोरीनं ती गिळलेली नाही हे तिला पक्कं माहीत होतं, त्यामुळे तिला घाई नव्हती.

मीनल उठून बसली. गळ्यात काही टोचत नव्हतं. माझ्या भीतीनंच तिच्याकडून "हो" म्हणवून घेतलं होतं.

मला मात्र जीपमधून उतरता येईना. आत्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "बस जरा, पाणी आणते. दुसऱ्या पेल्यात."

पुढं पक्क्या तारा लावून मीनलचे दात सरळ झाले. ते तिचे स्वतःचे आहेत, हे मी आत्याला कितीदा सांगितलं... ती नुसती मान हलवायची.

मीनलच्या लग्नात अक्षता पडल्या, तशी आत्या काठी टेकत माझ्याजवळ आली. कानाशी लागून म्हणाली, "बघ. कोनालाच कळलं न्हाई."

मी तिथंच वाकून तिच्या पाया पडलो. लोकांना वाटलं, रीत म्हणून पडलो.