दोघांचं बटण

आमचे अप्पा लिफ्टचं बटण तळहाताने दाबायचे. बोटाने नाही, सबंध तळहात फाडकन मारून. आणि उजवा तळहात बटणावर पडला की डावा हात आपोआप वर उठायचा नि हवेतच दुसरं कुठलंतरी बटण दाबायचा. दिघीच्या सोसायटीत मी नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस लिफ्टला नमस्कार करतोय की मारतोय? डोअरबेलचीही तीच गत. आमच्या बेलचा खटका त्यांनी आत घातला तेव्हा मी ओरडलेच, "अप्पा, अहो बेल आहे ती, चोर नाही!" तर म्हणाले, "पोरी, बटण दाबायचं तर मनापासून दाबावं."

कारण मागाहून कळलं. अप्पांचं आयुष्य पॉवर प्रेसवर गेलं होतं. आधी भोसरीत, मग कंपनी चाकणला हलली तेव्हा चाकणला. पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे काढणारं ते धूड. त्यावर समोरासमोर दोन माणसं आणि प्रत्येकापुढे दोन बटणं. चारही तळहात एकाच वेळी बटणांवर पडले तरच प्रेस खाली यायची, म्हणजे कुणाचा हात चुकूनही आत राहायला नको. अप्पांच्या समोरचा माणूस कायम एकच, सुर्वे काका. अप्पा लातूरकडचे, सुर्वे काका खेडचे. मशीनच्या आवाजात एकाने "हात?" म्हणून ओरडायचं, दुसऱ्याने "बाहेर!" म्हणायचं आणि मग दाबायचं. अख्खी नोकरी दोघं एकमेकांशी एवढंच बोलले, तरी सोबतीने पोट भरलं नाही. फ्लॅटसुद्धा एकावर एक घेतले. चौथ्या मजल्यावर सुर्वे काका, तिसऱ्यावर अप्पा, आणि त्यांच्या बरोबर खाली मी.

निवृत्त झाल्यावर अप्पांच्या तळहातांना काम उरलं नाही. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी एकच रडगाणं, "टँकर आला का?" त्याच्याखाली पन्नास जणांचे सुप्रभात, फुलं नि दिवे, आणि उत्तर कुठंच नाही. अप्पा वैतागून माझ्याकडे आले. मी चाकणच्याच एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. कोड न लिहिता ॲप बनवायची एक साइट आम्ही ऑफिसात वापरायचो, ती मी त्यांना दाखवली. बाजूच्या खणातून बटण उचलायचं, ओढत आणून पडद्यावर ठेवायचं, त्याच्यावर नाव लिहायचं. अप्पांनी पहिलंच बटण आणलं ते अर्धा पडदा व्यापणारं. हातमोजे घालूनही दाबता आलं पाहिजे, म्हणे! टँकर बघायला हातमोजे घालून कोण येणार होतं, देव जाणे.

हिरवंगार बटण, त्यावर 'टँकर आला'. अप्पांनी दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं.

"अहो, दाबल्यावर काय करायचं ते अजून त्याला सांगितलंच नाही आपण," मी म्हटलं.

"मग हे बटण कसलं?" अप्पा म्हणाले. "ही तर टिकली झाली."

तेव्हापासून जगातल्या बटणांच्या त्यांच्यापुरत्या दोन जाती झाल्या, बटण आणि टिकली. लिफ्टचं दार लवकर लावायचं बटण, टिकली. गिरणीवाल्याच्या पंख्याचा रेग्युलेटर, टिकली. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही ते एकदा टिकली म्हणाले, पण ते माझ्यापाशी. आणि लाल रंग त्यांनी एकाच कामाला राखून ठेवला होता. मी एकदा हौसेने 'गणपती वर्गणी'चं बटण लाल केलं तर कसलं बोलले मला! "लाल म्हंजे मशीन बंद. लाल रंग शोभेला नसतो, पोरी."

पुढे ते बटण दाबलं की सबंध सोसायटीचे फोन वाजायला लागले, आणि अप्पा हिरो झाले. हुरूप आला आणि त्यांनी 'तक्रार' हे बटण बसवलं. बाई गं! दाबलं की तक्रार यादीत लाल अक्षरात उमटायची, कारण अप्पांच्या मते तक्रार म्हंजे मशीन बंदच. लोकांनी जी दाबायला सुरुवात केली! कुणाचा मिक्सर पहाटे वाजतो, कुणाच्या चपला जिन्यात, कुणाचा पाळलेला पोपट शिव्या देतो. तिच्याशेजारी 'मिटली' असं दुसरं बटण होतं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच पठ्ठ्या ते दाबून मोकळा व्हायचा. चोरच पंच.

त्या यादीत पहिल्या नंबरची तक्रार मात्र खुद्द अप्पांची होती, आणि तीही सुर्वे काकांविरुद्ध. सुर्वे काकांच्या सुनंदाकाकू गॅलरीत कबुतरांना ज्वारी टाकायच्या. त्या गेल्यावर काका टाकायला लागले. उन्हाळ्यात अप्पांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, गॅलरीत कुरडया वाळत घातल्या आणि वरून कबुतरांनी त्यांचा सत्यानाश केला. अप्पा तापट. वर तोंड करून ओरडले, "बायको गेली तरी तिची घाण सोडून गेली का रे?" सगळ्या विंगने ऐकलं. सुर्वे काका गॅलरीतून आत गेले आणि त्या दिवसापासून अप्पांशी एक शब्द बोलले नाहीत. रागाच्या भरात अप्पांनी तक्रार नोंदवली ती वेगळीच. बाकी सगळे आपल्यावरच्या तक्रारी आपणच मिटवत होते. सुर्वे काकांनी मात्र ती तशीच ठेवली.

मग एका रविवारी अप्पा लॅपटॉप घेऊन आले. "हे 'मिटली' बटण एकट्याचं नको. दोघांचं कर. तक्रार करणारा नि ज्याच्यावर केली तो, दोघांनी एका मिनिटाच्या आत दाबलं तरच हिरवं होईल."

"अहो, फोनवर ठरवून दाबतील की लोक."

"मग फोनवर बोलतील तरी!"

ती अट बसवता बसवता माझ्या डोक्याची मंडई झाली. एकाने दाबलं की वेळ नोंदवायची, दुसऱ्याने दाबलं की ती ताडून बघायची, जमलं तर रंग बदलायचा. अप्पा पुढ्यात बसून चहावर चहा पीत होते. पण बटण चाललं, आणि चाललं म्हणजे काय, पोपटवाले नि त्यांचे शेजारी जिन्यात उभं राहून "तुम्ही दाबा, मी दाबतो" करताना हसायलाच लागले. यादी हिरवी होत गेली. वर एक नंबर तेवढा लाल.

अप्पांना सुर्वे काका परत हवे होते. दुसरं काही नाही. हे ते कुणाला बोलले नाहीत, पण संध्याकाळी बाकावर बसले की शेजारची जागा मोकळी ठेवायचे, कुणी टेकलं तर हुसकवायचे. चेअरमन एकदा म्हणाले, "अप्पा, ॲप तुमचं, ती जुनी तक्रार टाका पुसून. वाईट दिसतं." अप्पा उसळले. "प्रेसवर पोरं असंच करायची. एका बटणाला काठी लावून ठेवायची, एका हाताने काम उरकायची. त्यानेच बोटं जातात, साहेब. मी काठी लावणार न्हाई."

"मग माफी मागा की सरळ," मी म्हटलं. तर उठून चालायला लागले. असा राग यायचा मला! एवढा मोठा माणूस, आणि एक जिना चढवेना.

शेवटी सुर्वे काकांनीच फ्लॅट विकला. एकट्याला करमत नाही, खेडला भावाकडे जातो, म्हणाले. जायच्या सकाळी टेम्पो लागला, कपाट गेलं, पलंग गेला, आम्ही सगळे पार्किंगमध्ये निरोपाला उभे. अप्पांचा पत्ता नाही. काका स्टीलचा एक डबा पोटाशी धरून टेम्पोत चढणार, तेवढ्यात लिफ्टच्या बटणावर वरती कुठंतरी तळहात आपटल्याचा आवाज आला. एवढा जोरात की खालीसुद्धा ऐकू आला.

अप्पा आले ते बनियनवरच. हातात फोन.

"सुर्व्या, फोन काढ."

"कशाला?"

"एक नंबर लाल राहिलीय."

"तुझी तक्रार, तू बघ," काका म्हणाले आणि वळले.

"सुनंदावहिनींच्या हातची फणसाची भाजी खाल्लेल्या तोंडानं बोललो मी," अप्पा म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "चुकलं माझं. कुरडयांचं काय, लाख होतील. चुकलो रे."

काकांनी डबा खाली ठेवला. चष्मा शोधला, फोन शोधला, ॲप काही सापडेना. मी पुढे होऊन उघडून दिलं. दोघं समोरासमोर उभे राहिले. अप्पा म्हणाले, "हात?"

"बाहेर!" सुर्वे काका असे ओरडले की टेम्पोवाला दचकला.

आणि दोघांनी फोनवर फाडकन तळहात मारले! काही होईना. रडावं की हसावं मला कळेना. "अहो बोटानं! बोटानं दाबा!" मी ओरडले. परत "हात?", परत "बाहेर!", आणि एक नंबर हिरवा झाला. काका म्हणाले, "मेल्या, एवढा उशीर केलास होय?" आणि डबा अप्पांच्या हातात दिला. "ज्वारी आहे. सातला येतात. सुनंदाची आहेत, उपाशी ठेवू नको."

आता रोज सातला खेडहून फोन येतो, "खाल्लं का रे त्यांनी?" आणि अप्पा गॅलरीत उभे राहून हजेरी देतात.

कबुतरं अप्पांच्या गॅलरीत आली, म्हणजे घाण कुणाच्या कपड्यांवर? माझ्या! दोन चांगले कुर्ते गेले. मी तक्रार नोंदवली, लाल अक्षरात, अप्पांच्या नावावर. ते खूश झाले. "बरं झालं, नाहीतर यादी लई ओस पडली होती," म्हणाले.

पुढे आम्ही रावेतला घर घेतलं. निघायच्या दिवशी मी वर गेले. "अप्पा, काढा फोन. माझी मिटवून टाकू."

त्यांनी फोन खिशात घातला. "राहू दे."

"अहो, मी इथं राहणारसुद्धा नाही आता!"

"म्हणूनच. सुर्व्याची मिटवली नि तो गेला. तुझी राहू दे लाल. मिटवायला म्हणून तरी येत जाशील."

बापासारखी माया केली त्या माणसाने माझ्यावर, आणि कबूल केली ती अशी.

तेव्हापासून सवड झाली की मी रावेतहून दिघीला जाते, तक्रार मिटवायला. अप्पांच्या बेलवर अजून तळहाताचा ठसा आहे. काकू कुरडया तळतात, दोघांचे फोन टेबलावर असतात. मी विचारते, "दाबायचं का अप्पा?" ते म्हणतात, "चहा तर होऊ दे." चहा होतो, दुसरा होतो, सुर्वे काकांच्या खोड्या सांगून होतात, नि मग मला उशीर होतो. परवाही दाबायचं राहिलंच.