आमचा दिगू बोलत नाही

चहा सांगितलाय, तो येईपर्यंत एक फजिती ऐकवतो. माझीच आहे, तेव्हा निर्धास्त हसा. फक्त मध्ये बोलू नका. मध्ये कुणी बोललं की माझी लिंक तुटते, मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि मग तुम्हीच म्हणता की मास्तर लांबण लावतात.

तर त्या वेळी मी श्रीरामपूरला एका अध्यापक विद्यालयात शिकवायला होतो. राहायला बेलापूरला. रोज सायकलवर जाणं-येणं. विषय मानसशास्त्र. आता आमच्या भागात त्या काळी मानसशास्त्र शिकवणारा माणूस म्हणजे काय चीज होती, याची तुम्हाला कल्पना नाही. बाजारात कुणी समोर आला की आधी नजर चुकवायचा. त्याला वाटायचं, हा आता आपल्या मनातलं सगळं वाचणार. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. कशाला करू? भाजीवाली मला कधी मापात खोट करायची नाही.

वर्गात माझा आवडता भाग म्हणजे बालविकास. मूल कधी मान धरतं, कधी रांगतं, पहिला शब्द कधी, दोन शब्द जोडून कधी बोलतं, असा फळा भरून टाकायचो. समोरच्या भावी मास्तर-मास्तरणींना बजावायचो की मूल ऐकून शिकतं, घरात बोलणं पाहिजे. आणि संध्याकाळी घरी यावं, तर आमचा दिगू पाटावर बसून माझ्याकडे टकामका बघतोय. तीन वर्षांचा होत आलेला. तोंडातून अवाक्षर नाही!

चेष्टा सोडा, मी मनातून फार घाबरलो होतो. आळीतली पोरं खेळताना एकमेकांच्या बापाचा उद्धार करायची, ते ऐकूनसुद्धा मला त्यांचा हेवा वाटायचा. शिव्या तर शिव्या, देतात तरी. मला काय हवं होतं? नुसतं एकदा 'बाबा' म्हणायला हवं होतं. हा मला जन्मात हाक मारणार नाही की काय, या विचारानं रात्र रात्र जागायचो.

पण मी पडलो शास्त्राचा माणूस. रडत बसतोय होय? तपासणी सुरू केली. आधी कान. दिगू पाठमोरा बसलेला असताना मागून पितळी ताट दाणकन आपटलं. दिगू उडाला. चुलीपाशी आमची मंडळी उडाली, तिच्या हातून दुधाचं पातेलं उडालं. दूध गेलं, पण कान ठणठणीत आहेत हे सिद्ध झालं.

मग जीभ. दिनदर्शिकेवर गाईचं चित्र होतं, त्याच्यासमोर त्याला बसवलं. म्हटलं, "दिगू, ही कोण? गाय. म्हण, गाय. गाईला किती पाय? चार पाय. गाय काय देते? गाय दूध देते." दिगूनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मी काय ते समजलो. इच्छा आहे, पण जीभ साथ देत नाही. लेकराची ती धडपड बघून माझे डोळे भरून आले हो.

आता दोष कुणाचा? वर्गात मी काय शिकवायचो सांगू? दुसऱ्याचं काही चुकलं की आपण म्हणतो, त्याचा स्वभावच तसा. आपलं चुकलं की म्हणतो, परिस्थितीच तशी होती. या सवयीपासून सावध राहा. हे ज्या दिवशी शिकवलं, त्याच दिवशी सायकल दामटत घरी आलो आणि बायकोला म्हटलं, दोष तुझ्या स्वभावाचा आहे.

आमची कुसुम काष्टीची, शेतकऱ्याघरची. कामाला वाघीण, पण बोलणं कमी. माझ्या घरात आल्यापासून आणखीच कमी झालं, का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं, तू दिवसभर मुक्यानं भाकरी थापणार, मग पोरगं बोलायला शिकणार कुठून? ती भाकरी उलटत म्हणाली, "अहो, तो तर दिवसभर..." मी तिथंच तिला अडवलं. म्हटलं, दिवसभर काय? दिवसभर त्याच्या कानावर काही पडतच नाही, तेच तर दुखणं आहे. तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. दुष्काळाचं साल होतं, रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, भाकरी होती. पण मी बोलण्याच्या भरात ती कधी खाल्ली ते मलाच कळलं नाही.

मग मी स्वतः उपाय हाती घेतला. मुलासमोर आपण जे जे करतो ते बोलून दाखवायचं, असं कुठंतरी वाचलं होतं. पहाटेपासून माझं सुरू. आता बाबा उठले. आता बाबा दात घासतात. आता बाबांना साबण सापडत नाही. न्हाणीतूनसुद्धा ओरडून सांगायचो, बरं का! दिगू दाराशी उभा राहून ऐकायचा. सुट्टीच्या दिवशी तर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत माझ्या तोंडाला विश्रांती नाही. आणि गंमत बघा, मी जितका बोलायचो तितका तो जास्त गप्प. म्हणून मी आणखी बोलायचो.

शेजारी गोदामावशी राहायच्या. त्यांची एक म्हैस होती. एकदा कुडाशी थांबून म्हणाल्या, "मास्तर, तुमचं पोरगं आमच्या म्हशीपाशी येतंय अन् तिच्याशी लई..." मी म्हटलं, "येऊ द्या मावशी, मुक्या मुलाला मुक्या जनावराची ओढ असते. शास्त्रात आहे तसं." शास्त्रात असलं काही नाही. मी आपलं दिलं ठोकून. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं आणि शेणाची पाटी उचलून निघून गेल्या.

एक दिवस मी वर्गात दिगूची गोष्ट काढली. म्हटलं, अभ्यासाला जिवंत उदाहरण. पोरी पदरानं डोळे पुसायला लागल्या. भंडारदऱ्याकडचा एक विद्यार्थी जिभेला चाटवायला बाटलीभर मध घेऊन आला. बातमी बेलापुरात पसरली. काष्टीला सासूबाईंनी देवाला नवस बोलला. बाजारात लोक थांबवून विचारायला लागले. किराणा दुकानदार तर म्हणायला लागला, "मास्तर, परवा तुमचा दिगू माझ्याकडं गोळ्या..." त्यालाही मी पुढं बोलू दिलं नाही. मुलांना गोळ्या दिल्या की दात कसे किडतात, यावर त्याला चांगलं अर्धा तास समजावलं. आपलं मत एकदा पक्कं झालं की माणसाला त्याच्या बाजूचा तेवढाच पुरावा दिसतो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. अक्षर फार छान होतं माझं.

शेवटी कुणीतरी सांगितलं, पुण्याकडे मुक्या मुलांसाठी शाळा असते, मुलं तिथंच राहतात. माझ्या काळजाचं पाणी झालं. पण त्याचं भलं होणार असेल तर आपण मन घट्ट करायला हवं ना? ठरवलं, नगरला मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचं, त्यांचा कागद घ्यायचा आणि दिगूला त्या शाळेत ठेवायचं.

एस.टी.नं निघालो. राहुरीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कुसुमला हे सांगितलं. आणि काय सांगू, लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला मध्येच तोडलं! म्हणाली, "मी माझ्या पोराला कुठं पाठवायची नाही. बोलतो तो. तुम्ही नसलात की बोलतो."

झालं ना आता सगळं स्पष्ट? एखाद्याला कळलं असतं. मला नाही कळलं! मी तिचा हात हातात घेतला आणि समजावणीच्या सुरात म्हटलं, कुसुम, आईच्या मनाला सत्य सोसत नाही, मग मन असं खोटं चित्र रंगवतं. शास्त्रात याला नाव आहे. तिनं दिगूला कोपरानं ढोसलं, म्हणाली, बोल रे. दिगूनं तोंड उघडलं. मी लगेच त्याला पोटाशी धरलं. म्हटलं, बघ, कसा प्रयत्न करतोय बिचारा, राहू दे बाळा, ताण घेऊ नकोस. कुसुमनं खिडकीकडे तोंड फिरवलं ते नगर येईपर्यंत. मला वाटलं, रडतेय. नंतर तिनं सांगितलं की मला खिडकीतून बाहेर टाकायचा विचार करत होती.

डॉक्टर वयस्कर होते, पांढऱ्या मिशांचे, शांत. दिगूला टेबलावर बसवून त्यांनी विचारलं, काय रे, नाव काय तुझं? मी म्हटलं, दिगंबर, माझ्या वडिलांचं नाव ठेवलंय. जेवतोस का नीट? मी म्हटलं, जेवतो, पण मिलोची भाकरी बघितली की तोंड वाकडं करतो. कुठं दुखतंय का? मी म्हटलं, तेच तर डॉक्टरसाहेब, सांगता येत नाही ना त्याला. डॉक्टरांनी कुसुमकडे पाहिलं. कुसुमनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या दोघांत काय बोलणं झालं देव जाणे, शब्द तर कुणीच काढला नाही. मनातलं ओळखणारा मी, आणि मला काहीच ओळखता आलं नाही!

डॉक्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, "मास्तर, तुमचे डोळे लाल दिसतात. ताप आहे का बघू." मी म्हटलं, छे छे, प्रवासानं... तोवर त्यांनी झटकलेला थर्मामीटर माझ्या जिभेखाली होता. "तोंड मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. आत पारा आहे."

मी मिटलं. पाऱ्याला कोण भीत नाही?

डॉक्टर खुर्चीत रेलून बसले. कुणी काही विचारेना. वरचा पंखा कुरकुरत होता, बाहेर टांग्याचा घोडा खिंकाळला. दिगू माझ्याकडे बघायला लागला. टेबलावरून खाली उतरला, माझ्या गुडघ्याशी आला, माझ्या मिटलेल्या ओठांवर बोट लावून पाहिलं. त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं माझं तोंड मिटलेलं पाहिलं नव्हतं! त्याचा चेहरा एवढासा झाला. मग तो आईकडे वळला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला,

"आई, बाबांना बोलाया येत न्हाई?"

काय झालं असेल माझं! कानांवर विश्वास बसेना. ओरडून गाव गोळा करावंसं वाटत होतं, आणि जिभेखाली पारा!

कुसुम म्हणाली, "येतं बाळा. दमलेत जरा."

मग पोरगं जे सुटलं! डॉक्टरांना म्हणालं, गोदामावशीच्या म्हशीला रेडकू झालं, त्येला मी चारा देतो. एस.टी.त लई धूळ हुती. आई गोड भाकरी करती, लाल न्हाई आवडत. डॉक्टर नुसतं हूं हूं करत होते. एकाही वाक्यात अडखळणं नाही. सगळं काष्टीचं बोलणं, सगळं त्याच्या आईचं. दिवसभर माझ्या माघारी ती 'मुकी' बाई आणि तो 'मुका' पोरगा काय काय बोलत असतील, या विचारानं मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून धाराही लागल्या होत्या. आनंदाच्या, अगदी खऱ्या आनंदाच्या.

डॉक्टरांनी कुसुमला विचारलं, केव्हापासून बोलतो? ती म्हणाली, वर्ष होऊन गेलं. मग यांना सांगितलं नाहीत? "सांगायला जागा मिळाली न्हाई," ती म्हणाली. डॉक्टर मिशीत हसले आणि खिडकीकडे बघायला लागले.

दिगूनं माझे भिजलेले गाल पाहिले. घाबरला. डॉक्टरांचा कोट ओढून म्हणाला, "आमच्या बाबांना औषध द्या ना. बोलतील का ते?"

"बोलतील," डॉक्टर म्हणाले, "तीच तर भीती आहे."

अखेर त्यांनी थर्मामीटर काढला. ताप नव्हताच. थर्मामीटर कुसुमच्या हातात देऊन ते हात धुवायला वळले. मी दिगूला उचलून घेतलं, त्याचा मुका घेतला, आणि एवढा वेळ छातीत कोंडून धरलेलं सगळं बाहेर यायला लागलं. म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे फार मोठं उदाहरण आहे बरं का, मानसशास्त्रात याला असं म्हणतात की...

कुसुमनं डॉक्टरांसारखाच थर्मामीटर झटकला, माझी हनुवटी धरली आणि तो पुन्हा माझ्या तोंडात घातला. मग शांतपणे खुर्चीवर बसली, दिगूला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हं, सांग बाळा. मग रेडकानं काय केलं?"