पट्ट्यावरचा आकडा

चिपळूणची गौरी सिल्वासात आली ती प्रसादच्या नोकरीमागे. तो तिथल्या सायली गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. लेक गुड्डी झाली, गौरीचं अंग सुटलं, तसं त्यानेच आमली भागातल्या जिममध्ये तिचं नाव घातलं. अट एकच. ट्रेडमिलवर तीनशे कॅलरी झाल्या की पडद्याचा फोटो त्याला पाठवायचा. फोटो आला नाही, की संध्याकाळी तिच्या ताटाकडे बघत तो म्हणे, "आज भात कशाला?" आवाज कधी चढवत नसे. त्यामुळे भांडताही येत नसे.

एकदा पट्ट्यावरच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथली ट्रेनर सरिता, धुळ्याकडची, धावत आली. मशीन थांबवून तिने गौरीला बाकावर बसवलं.

"सकाळपासून काय खाल्लं ताई?"

"चहा घेतलाय. तीनशे व्हायचेत अजून."

"त्या आकड्यापायी जीव देता का? मशीनले काय मालूम, वर कोन चढलं ते? आपलं वजन त्याच्यात टाकलं नाही, तं ते आपल्या मनानं एखाद्या जाड्या मानसाचं धरून घेतं. अन् टाकलं तरी अंदाजच!"

गौरीला हसूच फुटलं. इतके महिने आपण एका अंदाजापायी उपाशी! आता सुटलो, या उत्साहात तिने संध्याकाळी प्रसादला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आजवर जास्तच दाखवत होतं तर. उद्यापासून तुझं वजन घालून चाल."

वजन घातलं आणि आकडा मुंगीच्या पावलांनी चढू लागला. पोटऱ्या भरून येत, तरी तीनशे होत नसत. आपल्याच हाताने फास आवळून घेतला, असं तिला राहून राहून वाटे.

शेवटी एका सकाळी ती अर्ध्यावरच उतरली. सरिता डबा उघडून बसली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा. गौरी तिच्याशेजारी बसून पोटभर जेवली. फोन वाजत होता, वाजू दिला.

"फोटो?" घरी आल्या आल्या प्रसादने विचारलं.

"नाही काढला. काढणारही नाही."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातली पाळी बदलून घेऊन स्वतःच तिच्याबरोबर आला आणि पट्ट्याशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला.

गौरी चालू लागली. गळ्यातला टॉवेल काढून तिने आकड्यावर टाकला. त्याने तो उचलला.

"बघू दे की."

"मला नाही बघायचं," म्हणत तिने टॉवेल त्याच्या हातातून ओढून घेतला आणि परत टाकला. पाय थांबले नव्हते.