प्लॉट नंबर अकराची वांगी

इंद्रायणी बाई लाखात एक, पण तोंडाला कुलूप नाही. निफाडच्या द्राक्षबागायतदाराची लेक. बागेत वाढली म्हणायचं, पण बापाने तिच्या हाती पुस्तक दिलं, खुरपं नाही. मग मेजर जयंतशी लग्न झालं आणि फौजेच्या बदल्यांमागे चौदा वर्षांत सात गावं झाली. दर गावी तिने काहीतरी लावलं. जोधपूरला गवार, तेजपूरला भेंडी, झाशीला दुधी. फुलं धरू लागली की बदलीचा कागद दारात हजर! पीक खाल्लं ते मागून आलेल्या बिऱ्हाडाने. "माझ्या हातचं एकदा तरी माझ्या पोटात जाऊ दे रे देवा," एवढंच तिचं मागणं होतं.

आताच्या गावी, उत्तरेतल्या डोंगरपायथ्याच्या चंडीमंदिर छावणीत, क्वार्टरांमागची पडीक जागा तुकडे पाडून भाजीसाठी वाटायची ठरली, तेव्हा हिचा अर्ज पहिला. मिळाला प्लॉट नंबर अकरा. गाजरगवत, फुटक्या विटा, दगड. इथली अडीच वर्षं संपली होती, पुढची बदली वसंतात ठरलेली. म्हणजे हाच हंगाम, दुसरा नाही.

प्लॉटांवर देखरेख सुभेदार रघुवीर सिंग यांची. रिटायर झालेला माणूस, रोज पिंजौरहून बसने यायचा आणि येताना सगळ्यांच्या चुका मोजत यायचा. इंद्रायणीने आठ दिवस कुदळ मारली, हाताला फोड आले, शेणखत मिसळलं, वाफे केले. तोवर त्याने हूं की चूं केलं नाही. गणपतीत तिने माहेरून आणलेलं काटेरी वांग्याचं बी पेरलं, तेव्हा मात्र तो वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

"मैडमजी, बैंगन का टाइम निकल गया. मटर डालो."

"सुभेदारसाहेब, गणपतीत बी टाकलं की चंपाषष्ठीला वांगी. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असंच चालतं."

"यहाँ ठंड पड़ती है जी."

"मला सांगता थंडी? मी निफाडची!"

झालं. एवढ्यावर थांबेल ती इंद्रायणी कसली? संध्याकाळी तिने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं: यंदा चंपाषष्ठीचं भरीत माझ्या वाफ्यातलं, मंडईचं एक वांगं आणायचं नाही. आषाढीपासून बंद ठेवलेलं वांगं त्या दिवशी खंडोबाला दाखवून खायचं, आणि तेही स्वतःच्या मातीतलं! मंडळाच्या कांचनताईंनी लगेच लिहिलं, "तीस पानं आहेत हं इंद्रायणी." हिने उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

आता चूक कुठे झाली ते ऐका. त्या वर्षी श्रावण अधिक होता. गणपती उशिरा, दिवाळी उशिरा, चंपाषष्ठी तर थेट डिसेंबरच्या मध्याला. हिचं गणित तिथीचं, ते अगदी बरोबर. पण थंडीला अधिक मास कोण सांगणार? ती आपली नेहमीच्या तारखेला आली. नोव्हेंबरअखेर झाडं कमरेला लागली, फळं धरली, लिंबाएवढी झाली आणि तिथेच अडली. निफाडला पहाटे दात वाजतात, पण दुपारी ऊन पाठ भाजतं. इथे चार-चार दिवस धुकं, सूर्याचं तोंड दिसेना. एका सकाळी गवतावर पांढरा थर होता आणि कडेची सहा झाडं उकडल्यासारखी काळी पडलेली.

चंपाषष्ठीला बारा दिवस उरले होते. इंद्रायणी वाफ्यात मटकन बसली आणि रडली. कुणी पाहिलं तर पाहू दे म्हणाली.

जयंतने समजूत काढली. "अगं, सेक्टर सव्वीसच्या मंडईतून पाच किलो आणू. त्यात तुझी मिसळू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. चौदा वर्षं मंडईचंच खाल्लंय मी."

मग तिने आयुष्यात क्वचित केलेली गोष्ट केली. स्वतःहून माघार घेतली. रघुवीर सिंगांसमोर जाऊन म्हणाली, "गलती मेरी थी. अब क्या करूँ, बताइए."

म्हातारा सुखावला, पण मान हलवली. "उखाड़ दो जी. नहीं बचेंगे."

"उखाड़ना छोड़के बताइए!"

तिच्या आवाजाने तो दचकला. हसला आणि कामाला लागला. पराळीचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे आणवले. वाऱ्याच्या बाजूला बांबूवर पराळीची तट्टी उभी केली, बुंध्यांशी पराळीचा जाड थर दिला, दिवस मावळायच्या आत वर प्लास्टिक ओढायचं आणि उजाडल्यावर काढायचं. इंद्रायणीला तेवढ्यात बापाची आठवण झाली. कडाका पडला की तो पहाटे मोटार सुरू करायचा, जमिनीतलं पाणी वर येतं ते कोमट असतं म्हणून. तिने ट्यूबवेलच्या पाण्याची वेळ पहाटेची मागून घेतली. रघुवीर सिंगांना हे नवीन होतं. "ये तो हमने कभी नहीं किया," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या प्लॉटांतल्या मटारालाही पहाटेच पाणी सोडलं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. लख्ख! इंद्रायणी चहाचा कप घेऊन तिथेच बसून राहिली, जणू नजर हटली तर फळं रुसतील. आठव्या दिवशी लिंबाची संत्री झाली. चंपाषष्ठीच्या आदल्या सकाळी तिने टोपली भरली, काट्यांनी बोटं सोलून घेतली आणि मोठ्याने मोजलं. अडुसष्ट वांगी. लहान, पण टणक आणि चकचकीत.

"तीस पानांना पुरतील?" जयंतने विचारलं.

"पुरतील. नाही पुरली तर लोक कमी खातील!"

चंपाषष्ठीला प्लॉटाच्या कडेलाच पराळीच्या विस्तवावर वांगी भाजली. कांचनताई खबरदारी म्हणून मंडईतून पिशवी भरून आल्या होत्या. टोपली पाहून त्यांनी ती पिशवी गुपचूप गाडीत परत ठेवली. बाजरीचे रोडगे झाले, भरितात कांद्याची पात पडली, देवाला नैवेद्य दाखवला. तळी उचलायला पाच जण लागतात, त्यातला पाचवा हात मुद्दाम रघुवीर सिंगांचा लावला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले की चार क्वार्टरांतले लोक गॅलरीत आले. भंडाऱ्याने पांढरी मिशी पिवळी झाली, ती त्यांनी पुसलीसुद्धा नाही.

पानं मांडली. कांचनताई इंद्रायणीच्या हाती वाढायचं भांडं देऊ लागल्या. घरची बाई वाढणार आणि मागून जेवणार, हे ठरलेलंच. इंद्रायणीने भांडं जयंतच्या हातात दिलं, पदर खोचला आणि पहिल्या पानावर मांडी घालून बसली.

"आज पहिला घास माझा. मग सगळ्यांचा."

जयंतने तिच्या पानात वाढलं. रघुवीर सिंग हात जोडून उभे होते. तिने रोडगा मोडला, भरितात बुडवला आणि तोंडात घातला. डोळे भरून आले तरी चावत राहिली.

"कसं झालंय गं?" कांचनताईंनी न राहवून विचारलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पण माझं आहे." आणि दुसरा घास घेतला.