ओढ्यापलीकडची मुलगी

माझं तोंड फटकळ आहे, हे केज तालुक्यातल्या आमच्या गावात कुणीही सांगेल. अंगणवाडी चालवायची तर थोडं फटकळ असावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. त्या दिवशीही तशीच बोलले आणि मोकळी झाले.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक बाई साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी होती. मुलीचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, फ्रॉक धुतलेला.

"बाई, हिला बसू द्या तुमच्याकडं. आमी दोघंबी दिवसभर रानात असतो."

मी यादी काढली. वस्ती आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण कागदोपत्री शेजारच्या गावची. "हिचं नाव दुसऱ्या गावात आहे. तिकडं न्या."

"तिकडची अंगणवाडी लई लांब हाय. रोज कोण नेणार?"

"ते मला कशाला सांगता?" मी म्हटलं आणि माझ्या पोरांना खिचडी वाढायला वळले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मुलगी ओळीत बसलेल्या पोरांकडे टक लावून बघत होती. आईनं हात धरून ओढलं तेव्हा रडलीसुद्धा नाही.

पुढे पोलिओच्या डोसाचा दिवस आला. गंमत बघा, डोस पाजायला तीच वस्ती माझ्या वाट्याला आली. लसीच्या डब्याला कुठलाच ओढा आड येत नाही.

पत्र्याच्या घरापुढं बाज होती आणि बाजेच्या पायाला ती मुलगी बांधलेली होती. जुन्या लुगड्याची दोरी, एक टोक बाजेला, एक तिच्या पायाला. शेजारी वाटीत मुरमुरे. मला क्षणभर कळेचना, आपण काय बघतोय.

आई सोयाबीनच्या रानातून पळत आली. मी ओरडलेच, "लेकरू आहे का वासरू? कावून बांधलंस गं?"

ती चिडली नाही. तिनं नुसतं बोट दाखवलं. वीस पावलांवर विहीर होती, बिनकठड्याची.

"सोडली की तिकडं जाती, बाई. तुमी तर बसू दिलं न्हाई."

मी खाली बसून डोस पाजला, करंगळीवर खूण केली. मुलीनं पुढ्यात खडे ओळीनं मांडले होते. एक खडा लांब, ओळीबाहेर.

"हा एकटाच का गं?"

"त्याचं नाव दुसऱ्या गावात हाय," ती सहज म्हणाली.

दोरीची गाठ ओढून ओढून दगडासारखी झाली होती. नखांनी सुटेना, शेवटी तिच्या आईच्या विळ्यानं कापली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओळीत बसली. यादी मी पेटीत टाकून दिली होती. साहेब विचारतील तेव्हा बघू. सुट्टी झाली, सगळी पोरं कलकलाट करत अंगणात पळाली. ती जागची हलली नाही.

"जा की गं खेळायला," मी म्हटलं.

तिनं आधी खाली वाकून स्वतःचा पाय चाचपून पाहिला.